जगात जर्मनी, परभणीत सिबिल

"सर, तुमचं सिबिल पडलंय," बँकेतला पोरगा हळूच म्हणाला. मी घाबरून खुर्चीखाली बघितलं. खिशातून काहीतरी पडलं असावं, असं वाटलं.

हा पोरगा माझाच विद्यार्थी. नववीत बीजगणितात त्याला पस्तीसचे पंख लावून मीच वर्गाबाहेर उडवला होता. आता तो टायमध्ये आणि मी त्याच्यासमोर फाइल मांडीवर घेऊन, तोंडी परीक्षेला बसल्यासारखा.

"किती पडले?"

"589, सर."

"कितीपैकी?"

"900."

मी गणिताचा मास्तर. भागाकार आपोआप होतो. पासष्ट टक्के. "अरे, मग फर्स्ट क्लास की!"

"सर, ते 300 पासून सुरू होतं."

म्हणजे पेपर 600 मार्कांचा आणि आपल्याला 289. अठ्ठेचाळीस टक्के. काठावर पास तर काठावर पास, आमच्या शाळेत त्यावर पेढे वाटतात. पण बँकेला 700 च्या पुढं लागतं म्हणे. मी जरा पुढं झुकून विचारलं, "ग्रेसचं काही?" त्यानं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, त्याच नजरेनं मी नववीत त्याच्याकडं बघायचो.

घ्यायचं घर वसमत रोडला होतं. छोटं रो-हाऊस, 28 लाखांचं. बायकोच्या बांगड्या, दोन हंगामांचं सोयाबीन आणि अण्णांची पोस्टातली पावती मिळून आठ लाख जमले होते. वीस लाखांचं कर्ज हवं होतं. सर्च रिपोर्ट, एनएची ऑर्डर, तीन वर्षांचं रिटर्न, सगळ्या कागदांच्या झेरॉक्स काढून झाल्या होत्या. झेरॉक्सवाल्यानं तर मला नव्या घराच्या शुभेच्छाही देऊन टाकल्या होत्या.

परभणीत माझी पत नाही असं कुणी म्हणू शकत नाही. किराणावाल्याकडं माझी वही एकोणीस वर्षांपासून चालू आहे. कापडवाला न विचारता लुगडी बांधून देतो, वर म्हणतो, "द्या हो सर सावकाश." पण ही पत नानलपेठेपासून जिंतूर रोडपर्यंतच चालते. बँकेची पत मुंबईहून येते, आणि मुंबईला आमचा किराणावाला माहीत नाही.

बॉन्डपेपर घ्यावा तशा गंभीरपणे मी तो रिपोर्ट छापून घेतला. मागच्या 36 महिन्यांचे 36 चौकोन. हप्ता वेळेवर गेला असेल तर चौकोनात तीन शून्यं, नाहीतर जितके दिवस उशीर तितका आकडा. माझ्या चौकोनांत 012, 030, 061. शिपाईमामांनी खांद्यावरून डोकावून विचारलं, "सर, कल्याण की मेन?"

आता हा उशीर का, तर आमची शाळा टप्पा अनुदानावर. आधी वीस टक्के पगार, मग चाळीस, आता साठ. वर्ग मात्र पहिल्या दिवसापासून शंभर टक्के. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जातो आणि पगार देवाच्या मनात येईल त्या तारखेला होतो. या दोन तारखांची गाठ कधी पडलीच नाही, त्यातून हे आकडे जन्मले.

पण त्याहून मोठं पाप मी आनंदानं केलं होतं. लॉकडाऊनच्या आधी एका फायनान्स कंपनीकडून वैयक्तिक कर्ज काढलं होतं. त्यातले 46 हजार राहिले. वसुलीवाला फोनवर म्हणाला, "सर, तीस हजार भरा, सेटल करून टाकू." आपल्याकडं पोरगा सेटल झाला म्हणजे आईबाप सत्यनारायण घालतात. मीही पेढे आणले. आता कळलं, त्या रिपोर्टात 'क्लोज्ड' म्हणजे सज्जन आणि 'सेटल्ड' म्हणजे पूर्ण पैसे न देता सुटलेला इसम. मराठीत इतकं सरळमार्गी असलेलं पोर इंग्रजीत असं का वाया जावं, कळत नाही.

तिसरा डाग माझा नव्हताच. साडूभाऊंच्या ट्रॅक्टरला मी जामीन होतो. साडूभाऊ पालम तालुक्यातले, शब्दाचे पक्के. त्यांनी तीन वर्षांपूर्वीच कर्ज फेडून नो ड्यूज घेतलं होतं. पण कंपनीनं ते वर कळवलंच नव्हतं, त्यामुळं माझ्या रिपोर्टात तो ट्रॅक्टर अजून थकलेला उभा होता. सातबाऱ्यावरचा बोजा निदान तलाठ्याकडं चकरा मारून उतरवता येतो. हा बोजा कुठल्या सज्जात उतरवायचा?

मग एक एजंट भेटला. "सिबिलचं टेन्शन घेऊ नका, फाइल टाकतो," म्हणाला. त्यानं ती एका नव्हे, सात ठिकाणी टाकली. प्रत्येक ठिकाणी माझं सिबिल मारून बघितलं गेलं, आणि कर्ज मागण्यासाठी अशी उठाठेव फार झाली की आकडा आणखी घसरतो. स्वतःचं स्वतः बघितलं तर घसरत नाही. हे एजंटानं सातवी फाइल परत आल्यावर सांगितलं. 589 चे 571 झाले.

एका ठिकाणी होकार आला, पण बारा टक्क्यांनी. विद्यार्थ्याच्या बँकेचा दर साडेआठ होता. मी रात्री वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. वीस लाख, वीस वर्षं. साडेआठनं हप्ता 17,356, बारानं 22,022. फरक 4,666 गुणिले 240. उत्तर 11 लाख 19 हजार 840. तीस हजारांत सेटल होताना जे सोळा हजार वाचले म्हणून मी पेढे वाटले होते, ते असे वाचले होते.

"अण्णांच्या नावावर काढा की," बायको म्हणाली. अण्णा ऐंशीचे. वय आड येणारच होतं, पण अण्णांना उत्साह. "माझ्यावर आयुष्यात कुणाचं एक रुपयाचं देणं नाही," छाती काढून म्हणाले. "बघा माझं." बघितलं. उणे एक.

ज्यानं कधी कर्जच काढलं नाही त्याचा इतिहास नसतो, आणि इतिहास नसला की तिथं उणे एक पडतो. हे मी अण्णांना समजावलं नाही. "तुमचा आकडा मावत नाही," असं सांगितलं. ते समाधानानं झोपले.

आमच्याकडं म्हणतात, जगात जर्मनी, भारतात परभणी. माझा एक विद्यार्थी खरंच जर्मनीत आहे. त्याला फोनवर रडगाणं ऐकवलं तर तो म्हणाला, "सर, इथं भाड्यानं खोली घ्यायची तरी घरमालक शूफा मागतो." शूफा म्हणजे त्यांचं सिबिल. 1927 साली बर्लिनच्या वीज कंपनीतून निघालेलं. जो विजेचं बिल वेळेवर भरतो त्याला शेगडी, फ्रिज हप्त्यानं द्यायचे, अशी ती कल्पना. आपलं सिबिल स्थापन झालं 2000 साली. म्हणजे जर्मनी परभणीच्या 73 वर्षं पुढं. म्हणीत फार फरक पडत नाही. पण विजेच्या बिलावर पत ठरवायची, हे ऐकून मात्र मी आमच्या गल्लीतले आकडे आठवले आणि गप्प बसलो.

2025 च्या फेब्रुवारीत अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरची बातमी आली होती, नवऱ्या मुलाचं सिबिल खराब निघालं म्हणून मुलीकडच्यांनी ठरलेलं लग्न मोडलं. बायकोनं ती मला मोठ्यानं वाचून दाखवली, पेपर घडी घालून ठेवला आणि म्हणाली, "आमच्या काळी नुसती पत्रिका बघायचे." पुढचं ती बोलली नाही. पोळ्या मात्र त्या दिवशी जरा जाड आल्या.

शेवटी विद्यार्थ्यानंच मार्ग दाखवला. सेटलवाले राहिलेले पैसे भरून टाका, ट्रॅक्टरची चूक ऑनलाइन कळवा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मी कॅलेंडरवर खुणा करत बसलो. साडूभाऊंना फोन करून सांगितलं, भरपाई आली तर निम्मी तुमची. तिसाव्या दिवशी दुपारी ट्रॅक्टर माझ्या रिपोर्टातून निघून गेला. एका दिवसानं शंभर रुपये बुडाले.

सध्या आकडा 664 आहे. वसमत रोडचं घर दुसऱ्या कुणी घेतलं. आम्ही आहे त्याच घरात, तेवीस वर्षांपासून. भाडं दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत देतो, पगार झाला असो वा नसो. एकदाही चुकलं नाही. रिपोर्टात त्याची नोंद कुठंच नाही.