विचारलंय कोणी?

नाशिकमध्ये चांगली मिसळ कुठे मिळते, असा भाबडा प्रश्न कोणीतरी कोरा या प्रश्नोत्तरांच्या साइटवर टाकतं. कॉलेज रोडवरचे आमच्या ओळखीचे एक ‘मार्गदर्शक’ त्यावर तुटून पडतात. पहिल्या परिच्छेदात त्यांचा संघर्ष, दुसऱ्यात त्यांची कार्यशाळा, तिसऱ्यात फेटा बांधलेला फोटो. मिसळ शेवटच्या ओळीत येते, तीही तर्रीविना.

प्रश्नच नसेल तरी अडत नाही. एका खात्यावरून विचारायचं, दुसऱ्यावरून सांगायचं. आपणच नवरदेव, आपणच भटजी. अक्षता तेवढ्या लोकांनी टाकायच्या. शिवाय इतरांचे प्रश्न चाळले की आठवडाभराच्या रीलची बेगमी होते : सोमवारी ‘द्राक्षं आंबट का?’, मंगळवारी ‘कांदा का रडवतो?’

कोरा निघाली २००९ साली. नाशिकच्या रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय त्याआधी कित्येक पिढ्या उत्तरं देताहेत. गाव, आडनाव सांगा. बाड उघडून पणजोबा कधी आले होते ते दाखवतात. त्या वहीत नाव यजमानाचं असतं, उत्तर देणाऱ्याचा फोटो नसतो.

हे मी मार्गदर्शकांना ऐकवलं. ते क्षणभर गंभीर झाले, मग मोबाइल काढत म्हणाले, “वा! उद्याचा कंटेंट मिळाला.”