डोक्यातला पसारा आणि भिंतीवरचा

‘डोक्यात फार पसारा झालाय’ हे वाक्य प्रस्तुत लेखक तक्रार म्हणून उच्चारतो, पण त्याचा सूर ‘बंगला फार मोठा पडतो हो’ म्हणणाऱ्याचा असतो. डोकं रिकामं म्हणजे माणूस रिकामटेकडा, असा त्याचा पक्का समज. ‘काय चाललंय?’ असं कोणी विचारलं की तो आधी कपाळाला हात लावतो, मग ‘विचारू नकोस’ म्हणतो आणि पुढची पंधरा मिनिटं कोणी न विचारता सांगत सुटतो.

उपायही त्याने आपल्या तोलामोलाचेच शोधले. इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला जायचं त्याने ठरवलं आणि सगळ्या नातेवाइकांना कळवून टाकलं. नियम नंतर वाचले. मोबाइल जमा करायचा, बोलायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचंही नाही. म्हणजे मन शांत झालंच, तर ते कळवायचं कोणाला? बेत पुढे गेला.

सकाळच्या फेरफटक्याचंही तेच. चालताना मन मोकळं होतं हे खरं, पण ते एकट्याने चालणाऱ्याचं. त्याच्या टेकडीवरच्या टोळक्यात पहिल्या वळणापर्यंत मुदत ठेवींचे दर, दुसऱ्यापर्यंत सोसायटीचा पुनर्विकास आणि माथ्यावर गुडघे असा क्रम ठरलेला आहे. उतरताना प्रत्येकाच्या डोक्यात उरलेल्यांच्या चिंताही असतात.

डोकं नेमकं कशाने भरतं, याचा शोध मानसशास्त्राने केव्हाच घेतला आहे. बिल न भागलेल्या ऑर्डरी वेटरांना तोंडपाठ असतात आणि पैसे मिळाले की त्या डोक्यातून जातात, हे बर्लिनमधल्या प्राध्यापक कुर्ट लेविन यांच्या ध्यानात आलं, असं सांगतात. त्यांची विद्यार्थिनी ब्लूमा झायगार्निक हिने मग लोकांना कोडी, गणितं, मातीकाम अशी किरकोळ कामं दिली आणि त्यांतली निम्मी मध्येच थांबवली. अर्धवट राहिलेली कामंच लोकांना जास्त आठवली. हे १९२७ साली प्रसिद्ध झालं. पुढे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या मायकल स्कलिन यांचा प्रयोग छापून आला. त्यांनी ५७ तरुणांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटं लिहायला बसवलं. निम्म्यांनी पुढे करायच्या कामांची यादी केली, निम्म्यांनी पार पाडलेल्या कामांची. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली आणि यादी जितकी बारकाईने केलेली, तितकी ती आणखी लवकर लागली.

एवढं वाचून प्रस्तुत लेखकाने कातडी बांधणीची, रेशमी खूणफितीची वही आणली आणि अर्थातच पार पाडलेल्या कामांची यादी करायला घेतली. कामं पुरेनात, म्हणून ‘बँकेत गेलो’ या एका कामाची त्याने तीन केली: गेलो, रांगेत उभा राहिलो, परत आलो. झोप उडाली, पण दिवस कर्तबगारीचा ठरला.

वास्तविक, मराठी घराला अशा वहीची गरजच नव्हती. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ काढलं तेव्हाच ती सोय झाली. त्यांनी चौकटीत तिथी, नक्षत्र आणि संकष्टीचा चंद्रोदय छापला. उरलेल्या जागेत बाकीचा संसार मावला. एखाद्या मंगळवारची चौकट जवळून पाहावी. कोपऱ्यात ‘दूध १॥’, त्याखाली ‘मावशी खाडा’, मग ‘सि. लावला’, शेवटी ‘इस्त्री १४, पैसे बाकी’. १४.२ किलोचा सिलिंडर पाहुणे आल्यावर किती दिवस पुरतो आणि पाहुणे गेल्यावर किती, याचा असा आलेख दुसरीकडे मिळायचा नाही. डिसेंबरच्या दुधाचा हिशेब बाकी असल्यामुळे नवीन वर्ष त्याच खिळ्याला जुन्या वर्षाच्या अंगावर लटकतं. शेजारी दोऱ्याला बांधलेलं बॉलपेन. ते कधीच उठत नाही, कारण बॉलपेनची शाई आपल्या वजनाने खाली, टोकाकडे उतरते आणि भिंतीवर लिहिताना टोकच वर होतं. जाणती घरं पेन्सिल बांधतात. या विषयावर प्रस्तुत लेखक आणखी दोन पानं लिहू शकतो, पण चौकटी पाहता पाहता त्याला भलतंच काही दिसलं.

सगळीकडे अक्षर एकच होतं. बायकोचं.

नोव्हेंबरात त्याच्या वडिलांचा पेन्शनसाठी लागणारा हयातीचा दाखला, त्याच्या भाचीचा वाढदिवस, त्याच्या स्कूटरचा विमा, त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपण्याची तारीख. ज्या पसाऱ्याचं तो टेकडीवर प्रदर्शन मांडत होता, त्यातलं निस्तरायचं सगळं दुसऱ्याच डोक्यात होतं आणि त्या डोक्याच्या कपाळाला हात लागलेला त्याने पाहिला नव्हता. तिला विपश्यनेला पाठवायचं, तर मागे दहा दिवस काय काय करायचं याची यादीही तिनेच करून ठेवली असती. ‘गृहिणींनो, रोज दहा मिनिटं स्वतःसाठी काढा’ असे सल्ले वाचून प्रस्तुत लेखकाचं डोकं हल्ली फिरतं. त्या दहा मिनिटांत कुकर कोण बंद करणार, ते कोणीच लिहीत नाही.

त्याने पेन्सिल हातात घेतली. विमा, दाखला, गॅस, दळण आता त्याच्या अक्षरात.

‘‘अगं, पीठ कधी संपणार हे तुला कसं कळतं?’’ त्याने विचारलं.

‘‘डबा उघडून,’’ ती म्हणाली. ‘‘आणि अहो, आता लिहिलंयत, तर खोडायचंही तुम्हीच. मी आठवण करणार नाही.’’

त्याने डबा उघडला. पीठ होतं, बेसन संपत आलं होतं. ते त्याने लगेच बुधवारच्या चौकटीत, ठळक अक्षरांत, दोनदा गिरवून लिहिलं. बुधवारी संकष्टी निघाली. चंद्रोदयाची वेळ बेसनाखाली गेलेली आणि उपास तिचा. तेव्हा संध्याकाळी शेजाऱ्यांचं कॅलेंडर बघून यायला त्यालाच पाठवण्यात आलं.