सवलतीची गाडी

सूट म्हटली की मराठी माणूस कान टवकारतो, मग त्याच्या तीन पिढ्या जबलपुरात का गेल्या असेनात. आमच्या महाराजपुरात ई-रिक्षा पैशाला पासरी. विजेवरची मोटार मात्र अजून दर्शनाची गोष्ट. गल्लीत एखादी आली की लोक आधी किंमत विचारतात, मग "सरकारनं किती सोडले?" आणि एका चार्जिंगमध्ये किती जाते, हे अगदी शेवटी.

सरकारनं सोडले बरेच. 2019च्या 1 ऑगस्टला विजेच्या गाड्यांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पानं कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत वजावट दिली. 31 मार्च 2023नंतर मंजूर झालेल्या कर्जांना ती राहिली नाही. 'फेम-2' या केंद्राच्या योजनेची रोख मदत मात्र दुचाक्या, रिक्षा, टॅक्सी आणि बसगाड्यांकडे गेली, खासगी मोटारींकडे नाही. ते मला रास्त वाटतं. कारण टक्क्यांतली सूट ही उलट्या न्यायाची पंगत: ज्याचं पान मोठं, त्याला तूप जास्त. पन्नास लाखांची गाडी घेणाऱ्याचा कर सर्वांत जास्त वाचतो, आणि स्कूटरला दुधाच्या बरण्या अडकवून पनागरहून येणारा बिचारा पेट्रोलवर व्हॅट भरत राहतो.

पण सूट दिलीच नाही तर गाडी येते कुठून? नॉर्वेत 1989मध्ये 'आ-हा' या बँडचा गायक मॉर्टन हार्केट आणि पर्यावरणवादी फ्रेडरिक हाउगे विजेवरची फियाट पांडा घेऊन टोल न भरता हिंडत. दंड साचला, गाडी जप्त झाली, लिलावात निघाली आणि यांनीच ती परत घेतली. पुढे तिथं आयात कर माफ झाला, टोलही माफ झाला. 2024मध्ये विकल्या गेलेल्या दहा नव्या गाड्यांपैकी जवळजवळ नऊ विजेच्या होत्या. खजिन्याला हे झेपलं, कारण नॉर्वे तेल विकतो. दुसऱ्यांना!

आपल्याकडे रामपूरच्या शक्तिभवनातून राज्याच्या विजेचा कारभार चालतो, म्हणून जबलपूरकराला विजेबद्दल जरा घरचा अभिमान. पण ती वीज बरीचशी कोळशाची. त्यामुळे गाडीचा धूर नाहीसा होत नाही, त्याची सिंगरौलीला बदली होते. तरी अधारतालच्या चौकात नाकाला बरं वाटतं, हे कबूल करायला हवं.

मध्य प्रदेशच्या 2025च्या धोरणात आदर्श ई-वाहन शहरांच्या यादीत भोपाळ, इंदूर, उज्जैन आणि ग्वाल्हेरबरोबर आमचंही नाव आहे. आनंद आहे. पण मला विचाराल तर पैसे खिशात देऊ नका, रस्त्यावर पेरा. इथल्या मराठी घराचं अर्धं गणगोत नागपूरला. वाटेत लखनादौनला नि सिवनीला भरवशाचे चार्जर हवेत, आणि पुढे पेंचच्या जंगलात बॅटरी संपणार नाही एवढी खात्री. तोवर नागपूरच्या लग्नाला आम्ही सातजण शेजारच्या काकांच्या डिझेल गाडीत कोंबून जातो आणि वाटभर प्रदूषणावर तावातावानं बोलतो.