अतिजोखमीचा शिक्का

सन 2020 च्या मार्चात इस्लामपुरास कोरोनाचे रुग्ण सापडले आणि ‘हाय रिस्क’ हे अभिधान सांगली-सातारकरांच्या जिभेवर कायमचे वस्तीला आले. रुग्णाच्या सोप्यात बसून ज्याने चहा घेतला तो हाय रिस्क, रस्त्यावरून नुसता रामराम घालणारा लो रिस्क, अशी नवी वर्णव्यवस्था आरोग्य खात्याने पाहता पाहता सिद्ध केली व कित्येकांच्या डाव्या हातावर शिक्काही उमटवला.

माणसांविषयी इतके तत्पर असलेले सरकार जमिनीविषयी मात्र कमालीचे भिडस्त आहे. जलसंपदा खात्याच्या नकाशात निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि तांबडी 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. कृष्णामाईने 2005, 2019 आणि 2021 अशी तीनदा हजेरी लावून ही मुदत आपल्या सोयीने आटोपती घेतली. सांगलीच्या इर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट; 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांवर गेले. तरीही काठच्या सखल रानात भराव पडतो, गुंठ्या-गुंठ्यांचे तुकडे विकले जातात, आणि पूर ओसरल्यावर पंचनाम्यास आलेला कारकून चिखलात उभ्या असलेल्या घरधन्यालाच विचारतो, “इथं बांधलंच कशाला?”

वरच्या अंगाला, साताऱ्याच्या पाटण तालुक्यात, तऱ्हा निराळी. डोंगरउतारावरील वाड्यांना पावसाळ्याच्या तोंडावर स्थलांतराची नोटीस यथाविधि बजावली जाते. कोठे जावे, एवढा किरकोळ तपशील तीत नसतो. पोहोचल्याची सही वा अंगठा मिळाला की जोखमीचा फेरफार गावकऱ्याच्या नावे मंजूर झाला आणि दफ्तर निर्वेध झाले, असे समजण्याचा प्रघात आहे. जुलै 2021 मध्ये आंबेघर, मीरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. तेथे गाडली गेलेली माणसे कोणत्याही शेऱ्याने वाचली नसती. वेळेवर दिलेल्या दुसऱ्या घराने कदाचित वाचली असती. याविषयी विनोद करवत नाही.

तेव्हा सांगलीत प्लॉट पाहणाऱ्या सद्गृहस्थांस विनंती एवढीच की, दलालाचा रंगीत नकाशा क्षणभर बाजूस ठेवावा, त्याच गल्लीतल्या एखाद्या म्हाताऱ्या मावशींना एकोणीस साली पाणी कितव्या पायरीला होते ते विचारावे, आणि मगच विसार द्यावा.