सोबत एसएमपीएस फ्री

गेमिंग संगणक म्हणजे काचेच्या पेटीत दिवे बसवून झाल्यावर उरलेल्या पैशांत जमवलेला संगणक. वर्धा जिल्ह्यात त्याची खरेदी बहुधा बारावीच्या निकालानंतर होते आणि तिचे घरात सांगितलेले कारण अभ्यास हे असते. बजेट ५०,००० रुपये. हा आकडा कोणी ठरवला याची कुठे नोंद नाही, पण आर्वीपासून समुद्रपूरपर्यंत तो एकच आहे. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. तो मिळाला असता, तर असा एक संगणक साडेनऊ क्विंटलच्या आत बसला असता. ‘मिळाला असता, तर’ हे शब्द वाचकाने लक्षात ठेवावेत, पुढे लागणार आहेत.

वर्ध्यात दुकाने आहेत, पण खरेदी नागपूरला बर्डीच्या बाजारातच करायची असा दंडक आहे. अंतर सुमारे ७५ किलोमीटर. सोबत बाप असतो, कारण पैसे त्याच्या खिशात असतात.

सुट्या भागांच्या निवडीचा पुस्तकी क्रम असा: कोणता खेळ खेळायचा ते आधी, मग त्याला पुरेल असे ग्राफिक्स कार्ड, मग त्याला साजेसा प्रोसेसर, मग या दोघांना पोसणारा एसएमपीएस आणि सगळ्यात शेवटी कॅबिनेट. प्रत्यक्षातला क्रम आधी कॅबिनेट, मग कॅबिनेटमधले पंखे, मग पंख्यांतले दिवे आणि मग ते दिवे रिमोटवर चालतात की सॉफ्टवेअरवर याची चर्चा. चर्चा आटोपेपर्यंत बजेटचा पाचवा हिस्सा गेलेला असतो आणि संगणक म्हणता येईल अशी एकही वस्तू काउंटरवर आलेली नसते. “हे लाइट कायले पाह्यजेत?” असे बाप एकदा विचारतो. “गेमिंगचं आहे ना भाऊ, लाइट तर लागतेच,” असे उत्तर मिळते. “पप्पा, तुम्हाले त्यातलं नाही समजत,” असे पोट्टं म्हणते, आणि विषय संपतो.

दिव्यांचे शास्त्र सोपे आहे. प्रत्येक दिव्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन ठिपके असतात आणि प्रत्येकाच्या तेजाच्या २५६ पायऱ्या. २५६ ला २५६ ने दोनदा गुणले की १,६७,७७,२१६ येतात. इतके रंग एका पंख्यात दडलेले असतात आणि पंखे सहा असतात. पहिल्या आठवड्यात त्यांतले शे-दोनशे रंग पाहिले जातात. नंतर रिमोट गादीखाली जातो आणि इंद्रधनुष्य गोल गोल फिरत राहते, ते कायमचे. बारा व्होल्टचे चार पिनांचे दिवे आणि पाच व्होल्टचे तीन पिनांचे दिवे ही दोन वेगळी कुळे आहेत. पाच व्होल्टची पट्टी जुळवाजुळव करून बारा व्होल्टवर बसवली, तर पावणेदोन कोटी रंग एका क्षणात संपतात आणि वास येतो.

याहून मोठी अडचण भूगोलाची आहे. कॅबिनेटची काच सहसा डाव्या अंगाला असते. म्हणजे दिवे दिसायचे तर पेटी खेळणाऱ्याच्या उजव्या हाताला हवी. पण विजेचा बोर्ड घर बांधताना मिस्त्रीने ठरवलेल्या जागी असतो, आणि मिस्त्रीने गेमिंगचा विचार केलेला नसतो. बोर्ड डाव्या भिंतीत निघाला की पेटीही डावीकडे जाते, काच भिंतीकडे होते आणि १,६७,७७,२१६ रंग भिंत पाहते. भिंत चुन्याची असेल तर रंग चांगले उठतात. कोणी टेबल फिरवून पाहतो, तेव्हा दार उघडत नाही. कोणी एक्स्टेन्शन बोर्ड आणतो, त्याच बोर्डावर कूलर, फ्रीज आणि मोबाइलचे दोन चार्जर चढतात आणि मग एक दिवस सगळेच एकदम थंड होते. एवढे होऊनही खेळणारा माणूस खेळताना स्क्रीनकडेच पाहत असतो. पेटीकडे पाहतो तो हरतो.

समोरची बाजूही काचेची घेतली, तर दिवे दोन अंगांनी दिसतात आणि हवा एकाही अंगाने आत जात नाही. हवेने थंड होणारा कोणताही भाग खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. ज्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी ४२ अंश असतात, तिथे प्रोसेसरची सुरुवातच ४२ वरून होते. तो ९५-१०० अंशांच्या घरात पोचला की जीव वाचवायला आपला वेग आपणच उतरवतो. त्यात हिंगणघाटसारख्या जिनिंगच्या गावात हंगामात रुईचे तंतू पंख्यांच्या पात्यांवर बसतात. पुढे जाळी असलेले साधे कॅबिनेट आणि धुता येणारा फिल्टर हा यावरचा उपाय. तो स्वस्त आहे. म्हणूनच तो कोणी दाखवत नाही.

आता एसएमपीएस. भिंतीतून येणाऱ्या २३० व्होल्टचे बारा, पाच आणि तीन पूर्णांक तीन व्होल्ट करून प्रत्येक भागाला वाटून देणारा हा डबा. संगणकातला प्रत्येक भाग याच्याच हातचे खातो. त्याची निवड केली जात नाही, तो कॅबिनेटसोबत फुकट मिळतो. डब्यावर मोठ्या अक्षरांत ४५० छापलेले असते. ते वॉट आहेत, मॉडेलचे नाव आहे की नुसताच दुकानदाराला आवडणारा आकडा आहे, हे डबा सांगत नाही. खरे काय ते त्याच्या अंगावरच्या बारीक तक्त्यात असते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः बारा व्होल्टवर जगतात, म्हणून तक्त्यात बारा व्होल्टखालचे अँपिअर शोधायचे आणि त्यांना बाराने गुणायचे. तिथे १६ लिहिले असतील, तर बारा सोळे एकशे ब्याण्णव. वर साडेचारशे, आत १९२. मध्यम ग्राफिक्स कार्ड १३० वॉटच्या आसपास घेते आणि साधा प्रोसेसर ६५. झाले १९५. पंखे अजून फिरायचे आहेत.

हा ४५० म्हणजे हमीभाव आहे. छापलेला, जाहीर झालेला, सगळ्यांना पाठ असलेला. आणि माल घेऊन दारात उभे राहिले की कोणी देत नाही. त्या वेळी ओलावा जास्त निघतो, दाणा डागी निघतो, काट्यावर काहीतरी कमी भरते. डबाही तसाच बोलतो: उष्णता जास्त, व्होल्टेज कमी, लोड एकदम आला. छापलेले द्यायचेच नसेल, तर छापता कशाला? ज्या माणसाने आयुष्यभर लिहिलेला एक भाव आणि हातात पडलेला दुसरा भाव यांतल्या फरकावर संसार केला, त्यालाच पुन्हा काउंटरवर उभे करून साडेचारशेच्या नावाखाली एकशे ब्याण्णव विकायचे आणि वर ‘फ्री’ म्हणायचे, याला धंदा म्हणत नाहीत. लूट म्हणतात. फुकट दिलेल्या वस्तूची किंमत कॅबिनेटमध्ये लावलेली असते, आणि खरी किंमत त्यानंतर मदरबोर्ड देतो.

लक्षणे ठरलेली आहेत. अभ्यास चालू असताना संगणक उत्तम चालतो. खेळ रंगात आला, कार्डाने जोर मागितला की तो बंद पडून पुन्हा सुरू होतो. पोट्टं आधी इंटरनेटला शिव्या देते, मग व्हायरसला, मग विंडोज पुन्हा टाकते. एसएमपीएसचा संशय सगळ्यात शेवटी येतो, तेही जळका वास आल्यावर. त्यातून गावात सायंकाळी सगळे कूलर एकदम लागतात, २३० ला सहा टक्के वर-खाली ही जी नियमातली मर्यादा, म्हणजे २१६ ते २४४, ती दाराबाहेरच थांबते, आणि वावधन सुटले की वीजही नाही. डब्यावर ‘८० प्लस’ असेल, तर २०, ५० आणि १०० टक्के भारावर तो किमान ८० टक्के कार्यक्षम आहे असा अर्थ होतो. ही पद्धत २००४ पासून आहे. चिकटपट्टी छापणारे मात्र तिच्याही आधीपासून आहेत, म्हणून अँपिअरचा तक्ता तरीही वाचावा.

प्रोसेसरबाबत फार लिहिण्यासारखे नाही. ‘आय-सेव्हन गेमिंग पीसी’ या नावाने जे स्वस्तात मिळते, ते पुष्कळदा कुठल्यातरी ऑफिसातून निघालेले तिसऱ्या पिढीचे, म्हणजे २०१२ चे असते. सोबतचे जीटी ७३० कार्ड २०१४ चे. विंडोज ११ त्या प्रोसेसरला अधिकृतपणे स्वीकारत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नसते. वेगळे कार्ड न घेता तो घेतला, तर पडदा काळाच राहतो. उलट बहुतेक पोट्टे ज्यासाठी रात्र जागवतात तो व्हॅलोरंट चांगल्या अंगभूत ग्राफिक्सवरही चालतो, हे कोणत्याही काउंटरवर सांगितले जात नाही.

जुने कार्ड घेताना वय विचारावे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग बंद झाले आणि त्याआधी रात्रंदिवस राबलेली कार्डे बाजारात आली. ती सगळी ‘घरी थोडीशीच वापरलेली’ आहेत.

रॅम आठ जीबीची एक घेण्यापेक्षा आठच्या दोन घ्याव्यात, अंगभूत ग्राफिक्सला त्याचा मोठा फायदा होतो. डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या खाचेत बसत नाही, जोर लावू नये. २०२५ च्या अखेरीस डेटा सेंटरांच्या मागणीने रॅम कडाडली. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल, तर कार्डाने सेकंदाला दोनशे चित्रे काढली तरी साठच्या वर दिसत नाहीत.

यूपीएस ६०० व्हीएचा म्हणजे बहुधा ३६० वॉटचा. तो खेळ पूर्ण करायला नसतो, काम जतन करून संगणक नीट बंद करायला असतो.

या सर्व भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. तो टाळायला कच्ची चिठ्ठी घेण्याची पद्धत आहे. पक्के बिल घ्यावे आणि प्रत्येक भागाचा सिरियल नंबर त्यावर लिहून घ्यावा. वॉरंटी त्या नंबरावर मिळते. जळालेल्या भागावर मात्र बिल असूनही मिळत नाही.