रोडबाइकची प्राणप्रतिष्ठा

बडोद्याजवळच्या बाजव्यात रोडबाइक रस्त्यावर काढायला वर्षातले फार थोडे दिवस सापडतात. जानेवारीत उत्तरायणाचा मांजा गळ्याशी येतो. स्कूटरवाले पुढे सळईची कमान लावून फिरतात. हँडलवर ओणव्या झालेल्या माणसाने ती कुठे लावावी? मे महिन्यात डांबर पाघळतं. विश्वामित्रीला पूर आला की मगरी सोसायट्यांत येतात, 2024च्या ऑगस्टमध्ये अख्ख्या बडोद्याने ते पाहिलं. उरलेले दिवस कोयली रिफायनरीच्या टँकरांचे. तेव्हा सुज्ञाने सायकल घरात आणून ट्रेनरवर जागच्या जागी चालवावी.

आधी जागा. हॉलमध्ये मिळेल या भ्रमात राहू नये. गॅलरी पापडांची. उरते ती आतली खोली, जिथे पाहुणे आले की गाद्या पडतात. पाहुणे पुण्याचे असतील तर ते परतेपर्यंत ट्रेनरचं खोकं उघडू नये.

ट्रेनर दोन जातींचे. स्वस्तात मागचं चाक तसंच राहतं आणि टायर रोलरवर टेकतो. मूळचा क्विक रिलीज काढून ट्रेनरसोबत आलेला पोलादी घालावा. टायरमध्ये हवा भरपूर भरावी आणि मगच रोलरचा स्क्रू पिळावा. सैल राहिला तर टायर घसरतो, फार पिळला तर झिजून काळी पूड फरशीवर पडते. ती कोणी पुसायची हा प्रश्न तांत्रिक नसल्याने इथे त्यात शिरत नाही. मागची बाजू उचलली जाते, म्हणून पुढच्या चाकाखाली दिवाळी अंकांचा गठ्ठा ठेवावा. वाचनालयाचे नकोत.

महागात मागचं चाकच काढतात. चेन आधी सगळ्यांत लहान चक्रीवर आणावी, चाक काढावं आणि चेन ट्रेनरच्या कॅसेटवर चढवावी. डिस्क ब्रेक असेल तर चाक नसताना लिव्हर दाबू नये. पॅड जवळ येऊन बसतात. घरातलं लहान मूल नेमकं तेवढंच करतं. म्हणून काढलेलं चाक ठेवायच्या आधी पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी सारावी.

आता पंखा. छतावरचा कुचकामी, टेबलफॅन समोरून छातीवर हवा. पायांनी 150 वॉट काढले तर शरीर त्याच्या तिप्पट-चौपट उष्णता बाहेर टाकतं, आणि वारा तर आपण रस्त्यावर सोडून आलो. घाम टपटप हेडसेटवर पडतो, खारा असतो, बोल्ट गंजवतो. हँडलवर जुना पंचा पसरावा. नवा टॉवेल घेतल्यास परिणामांची जबाबदारी वाचकाची.

आवाजाचं मात्र गंभीर आहे. खाली जाड रबरी मॅट घातली तरी तो घरघंटीसारखाच येतो, आणि ही घरघंटी तर घरोघरी. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बेन विचारतात, “रोज आटलो बधो लोट कोना माटे?” (रोज एवढं पीठ कोणासाठी?) खुलासा करत बसू नये. पाचव्या दिवशी त्या गव्हाचा डबा वर पाठवतात. तोही परत करू नये, गिरणीतून दळून आणून द्यावा.

बाजवा सपाट, चढ हवा तर पावागड गाठावा लागतो. ट्रेनर स्मार्ट असेल तर पडद्यावर फ्रान्समधला आल्प द्युएझ लावावा, 21 वळणांचा. विसाव्या वळणावर सिलिंडरवाला बेल वाजवतो. क्लीटचे बूट गुळगुळीत लादीवर घसरतात. ते पेडललाच अडकलेले सोडून पाय काढावेत आणि अनवाणी दार उघडावं. ओटीपी आधीच पाठ असावा.