निष्ठा ठेवा, पण करार नोंदवून

१४ जुलै २०१५ रोजी न्यायमूर्ती लोढा समितीने चेन्नई सुपर किंग्ज आणि राजस्थान रॉयल्स या संघांना दोन वर्षं आयपीएलबाहेर बसवलं. सट्टेबाजी प्रकरणात चेन्नईचे गुरुनाथ मय्यप्पन आणि राजस्थानचे राज कुंद्रा यांच्यावर आजन्म बंदी आली, पण त्यांना तसंही कुठे पॅड बांधून उतरायचं होतं? खेळाडूंची सोय लगेच लागली. धोनी साडेबारा कोटींना पुण्याच्या नव्या संघाकडे, रैना तेवढ्यालाच राजकोटच्या. बेकार झाला तो तोंडाला पिवळा रंग फासून चेन्नईच्या चेपॉक मैदानावर शिट्ट्या मारणारा माणूस. त्याला ड्राफ्टमध्ये कुणी उचललं नाही.

त्याच्या दोन वर्षांच्या दुःखावर आमच्या पुण्याला संघ मिळाला. बोली उलटी होती, म्हणजे क्रिकेट मंडळाकडे कमी मागेल त्याला संघ. पुण्याच्या मालकांनी कमी मागता मागता उणे १६ कोटी मागितले, म्हणजे पदरचेच देऊ केले. पुण्यात असा व्यवहार करणारा माणूस बाहेरगावचाच असणार, हे आमच्या सोसायटीतल्या काकांनी तत्काळ ओळखलं.

काका पोळलेले होते. २०११ साली सहाराचे पुणे वॉरियर्स आले तेव्हा त्यांनी टोपी घेतली होती. २०१३मध्ये संघ गेला, टोपी उरली. तेव्हापासून ते संघाकडे भाडेकरू म्हणून बघतात. लीव्ह अँड लायसन्स, दोन वर्षं, भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत.

नव्या रायझिंग पुणे सुपरजायंट्सनी खिळे ठोकलेही नाहीत. २०१६ला दुष्काळ, पाण्यावरून उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर काढले आणि आमचं ‘घरचं मैदान’ विशाखापट्टणमला गेलं. २०१७ला धोनीचं कर्णधारपद स्टीव्ह स्मिथला दिलं. ‘बरं केलं, धोनीचं वय झालं,’ असं काका जिन्यात दोन मजल्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मालकांनी नावाच्या शेपटीचा ‘स’सुद्धा काटला. त्या काटकसरीवर संघ थेट हैदराबादच्या अंतिम सामन्यात पोचला, १३०चा पाठलाग करताना १२८वर थांबला आणि मुंबईला करंडक देऊन विसर्जित झाला. पुण्याने कसला सट्टा लावला नव्हता. मुदत संपली, एवढंच.

२०१८ला चेन्नई परतली. पण कावेरीच्या पाण्याचं आंदोलन पेटलेलं, चेपॉकवर खेळाडूंच्या दिशेने बूट आले, म्हणून त्यांचे उरलेले घरचे सामने पुण्याच्या स्टेडियमवर, गहुंज्याला हलवले. चेन्नईहून चाहत्यांची अख्खी रेल्वे भरून आली. यांना निष्ठावंत म्हणावं. संघ दोन वर्षं नव्हता आणि आता गाव नव्हतं, तरी शिट्ट्या शाबूत. गहुंज्याचा पहिलाच सामना कुणाशी? राजस्थानशी! शिक्षा भोगून सुटलेले दोघेही आमच्याच अंगणात. चेन्नईच्या वॉटसनने शतक ठोकलं.

स्टेडियम पिवळंधमक. त्यात काकाही, नव्या जर्सीची घडीसुद्धा मोडलेली नाही.

‘काका, तुम्ही? चेन्नईचे?’

‘अरे, धोनी आपलाच की! पहिल्यापासून सांगत होतो, कर्णधार तोच हवा.’

मग जरा जवळ सरकून हळूच विचारलं, ‘हे लोक राहणार किती दिवस? नाही, जर्सी बदलून घ्यायची मुदत पंधरा दिवसांची आहे.’